दुधाच्या कॅनची फळी

त्या बाईचं नाव मला माहीत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका स्टेशनाबाहेर जुन्या छोट्या रेल्वेचा डबा रंगवून लोकांना बघायला ठेवला, त्या दिवशी ती हातानं फिरवायच्या तीनचाकीवरून आली. पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू. बोलायच्या आधी दर वेळी पदरानं हँडल पुसायची.

डब्याला तीन उंच पायऱ्या होत्या. दारातला रेल्वेचा साहेब, नियम घरचाच असल्यासारखा, म्हणाला, "मावशी, अपंगांसाठी रॅम्प करायचा नियम जुन्या डब्यांना लागू नाही. डबा जसा होता तसाच ठेवायचा असतो. तुम्ही बाहेरून बघा, नाहीतर दोघंजण उचलून घेतील."

तिनं हँडल पुसलं. "उचलायला मी काय पोतं हाय व्हय? ही गाडी चालू हुती तवा दुधाचे कॅन चढवायला गार्डाकडं फळी असायची. त्याच फळीवरनं मी तीनचाकीसकट चढायची अन् लातूरला जायची. जसा हुता तसा ठिवायचा, तर फळी कुठं गेली?"

साहेब हसला. "आता नाही ना फळी."

"मग सगळेच भाईरनं बघू," असं म्हणून तिनं तीनचाकी पायऱ्यांना आडवी लावली आणि वाकून चाकाखाली दगड सरकवला.

मागं रांग कुरकुरायला लागली. पुढचा नंबर माझाच होता. मी खाली वाकलो आणि तिच्या दुसऱ्या चाकाखाली लावायला दगड शोधू लागलो.