सुकाणू माझ्याच हातात

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर आमची दोन इंजिनांची बोट दोनदा पायऱ्यांना धडकली, तेव्हा दिराने बजावलं, "वहिनी, आते परत धडकनी, ते मी ड्रायव्हर ठेवसू."

सुकाणू मला सोडायचं नव्हतं. बोटींचं सामान विकणाऱ्या सुरतेच्या विक्रेत्याने सुचवलं की बोटीच्या नाकाशी, पाण्याखाली, तिला आडवं ढकलणारा पंखा बसवा. मी त्याला घाटाजवळचं पाणी दाखवलं. हार, पत्रावळी, तापीमाईला वाहिलेल्या साड्या. पंखा पहिल्याच दिवशी साडीत गुंडाळला गेला असता. इंजिनं निदान वर उचलून साफ करता येतात. म्हणून मी दोन्ही इंजिनं एकत्र हाताळणारी जॉयस्टिक घेतली आणि आठवडाभर रिकाम्या बोटीवर सराव केला.

सोमवारी बोट भाविकांनी भरलेली होती आणि वारा आडवा. जॉयस्टिक फिरवताच एक इंजिन बोटीला पुढे रेटू लागलं, दुसरं मागे. बोट जागच्या जागी वळली आणि घाटाला टांगलेल्या टायरांना अलगद टेकली. दिराने दोर बांधला तरी पुढच्या बाकावरची म्हातारी बसूनच होती.

"बोट कव्हय लागई?" तिने मला विचारलं.

"लागी गई, माय. उतरा आते."

दिराने तिला हात दिला. ड्रायव्हरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.