पाच नंबरचा उंदीर

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. पक्षाघातानंतर मेंदूचं नुकसान कमी करेल असं एक औषध आम्ही उंदरांवर तपासत होतो. उंदराच्या मेंदूची रक्तवाहिनी काही वेळ बंद करायची, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं सलाइन द्यायचं, आणि मग आत काय झालं ते एमआरआयवर बघायचं. मेलेला भाग फिल्मवर पांढरा दिसे. उंदरांसाठी वेगळं मशीन आमच्याकडे कुठलं! ठाण्यातलं एक स्कॅन सेंटर रविवारी दुपारी त्यांचं मशीन देई. माणसाचं मनगट स्कॅन करायच्या नळकांड्यासारख्या कॉइलमध्ये गुंगीतला उंदीर नीट मावे.

उंदरांची देखभाल करणारे काका खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, पन्नाशीचे. नऊ वर्षं हंगामीच. त्यांना कायम करायचा कागद त्या महिन्यात प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांच्या सहीसाठी गेला होता. रोज सकाळी मला विचारत, "सही जाली का वो साहेब?"

उंदरांच्या कानात नंबरचे धातूचे बिल्ले असत. चुंबकाजवळ धातू चालत नाही, म्हणून निघताना मी बिल्ले काढले आणि मार्करने शेपटीवर नंबर लिहिले. ठाण्यात एकेकाचा नंबर वाचून फिल्मवर टाकला, मग स्कॅनआधीचं इंजेक्शन शेपटीच्या शिरेत द्यायला स्पिरिटच्या बोळ्याने शेपटी पुसली. शेपटीबरोबर नंबरही पुसला गेला. हे लक्षात आलं तेव्हा आठही उंदीर एकाच खोक्यात आडवे पडले होते.

मी अंदाजाने बिल्ले परत लावायला घेतले. काका शेजारीच होते.

"साहेब, यो पाच नंबर नाय."

"कशावरून?"

"त्याची मिशी एका अंगाला तुटलेली. मासली वलखतो, तं उंदीर नाय वलखनार?"

"काका, गप्प बसा हो. मला काम करू द्या."

पाचचा बिल्ला मी त्याच उंदराच्या कानात लावला. मला घाई होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी दुसरं स्कॅनिंग झालं. पाच नंबरच्या पहिल्या फिल्मवर उजवीकडे मोठा पांढरा डाग होता. नव्या फिल्मवर काही नाही. स्वच्छ मेंदू. असा मेंदू आठवड्यात बरा होत नसतो. साहेबांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर धरल्या आणि विचारलं, "पिंजरे कोण साफ करतं?"

काकांना बोलावलं.

"अदलाबदल केलीस ना?" साहेब म्हणाले. "कोळ्याला काय, सगळे उंदीर सारखेच!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिल्मकडे पाहत राहिलो. माझा प्रोबेशनचा काळ होता, हे कारण मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला देत आलो. पण त्या क्षणी ते मनातही नव्हतं. नुसतं तोंड उघडलं नाही. काकांनीही माझं नाव घेतलं नाही. सही व्हायची होती तो कागद साहेबांनी त्यांच्यासमोर फाडला आणि शनिवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना गाठलं. माफी मागायला नाही. उंदीर ओळखून नंबरांप्रमाणे लावून द्याल का, असं विचारायला. ते डबा खाली ठेवून आत आले. एकेक उंदीर हातात घेऊन, पाठीवरून बोट फिरवून सांगत गेले, "यो तीन. यो आठ. यो तुमचा पाच." मी बिल्ले बदलत गेलो आणि त्याप्रमाणे नव्या फिल्मवरचे नंबर दुरुस्त केले. आठही नव्या फिल्म आपापल्या पहिल्या फिल्मशी जुळल्या, डागाला डाग.

"बरोबर लागली ना?"

"हो."

"मंग मोठ्या साहेबांना सांगा, मी वलखली म्हनून."

"सांगतो," मी म्हणालो.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "कसं काय जुळवलंस रे?" मी म्हणालो, डागांच्या आकारावरून. त्यांनी माझी पाठ थोपटली. अहवालावर माझं नाव आलं आणि त्या वर्षी मी कायम झालो.

काका काही महिने गेटवर चौकशीला येत राहिले. वॉचमन मला आत फोन करायचा. "कोळीवाड्यातले काका आलेत, विचारतायत, साहेबांना सांगितलं का."

मी म्हणायचो, मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग.