गाजलेला चुकीचा पेपर

आमचे हे, गुरुदत्त, पॉलिमरचे संशोधक. डोंबिवलीहून खाडीकाठच्या कोलशेतला, कंपनीच्या प्रयोगशाळेत जाऊन जाऊन यांनी पेपरांवर पेपर लिहिले. त्यातल्या चांगल्या पेपरांना कुत्रं विचारत नाही. ब्याऐंशी साली मात्र खाडीच्या दमट हवेत यांनी नमुना नीट न वाळवताच तपासला आणि तो पेपर साफ चुकला. तेव्हापासून जगभरचे संशोधक, यांची चूक दाखवायला का होईना, त्याचाच दाखला देतात. परवा कंपनीने ते दाखले मोजून यांना शाल-श्रीफळ दिलं. घरी आल्यावर मी वैतागून म्हटलं, "अहो, एकदाची चूक कबूल का करून टाकत नाही?"

शालीची घडी घालत हे म्हणाले, "पुढच्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये छापून कबूल केली. ते कुणी वाचलंच नाही."