दीड दिवसाची शिल्लक

साबणाच्या कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'दीडशहाणे'. साहेब ते नव्हतेच, रजाकारकून होते. महिना भरला की प्रत्येकाच्या कार्डावर दीड दिवसाची रजा चढवायची आणि कोणी घेतली की उतरवायची, एवढंच त्यांचं काम. वर्षाचे अठरा दिवस. उरले तर पुढच्या वर्षात जात, पण साठापर्यंतच. साठ भरले की वरचं सगळं वाहून गेलं. त्या दीड दिवसांवरून कोणीतरी नाव पाडलं आणि ते त्यांना असं चपखल बसलं की नवीन माणसालाही पहिल्याच दिवशी कळे.

तेहेतीस वर्षं ते अर्ज वाचत आले होते. वर्षात तिसऱ्यांदा वारलेली आजी ते दुसऱ्या ओळीतच ओळखत. शिल्लक नसताना कोणी गयावया करू लागलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" एवढं बोलून ते चष्मा काढून पुसायला घेत. चष्मा पुसला जाऊ लागला की समोरच्याने समजावं, विषय संपला. माणूस दुष्ट नव्हता. नियमाच्या बाहेर पाय टाकला तर खाली जमीन असेल, याची त्यांना खात्री नव्हती इतकंच.

त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. कोणाच्या हातून नोंदीत चूक झाली तर त्याच्या सेवापुस्तकात तांबड्या शाईने ताकीद लिहिली जाई, आणि ती लिहायचं कामही त्यांचंच होतं. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात मात्र तांबडा ठिपका नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले होते. आता कुठला डाग पडतोय, असं ते धरून चालले होते.

अशात एका दुपारी बॉयलरवाला अर्ज घेऊन आला. उंच, जरासा वाकलेला, वाफेने भुवया विरळ झालेला. पंचवीस ते एकोणतीस, अशी पाच दिवसांची रजा त्याला हवी होती.

"पोरगा जहाजावर आहे ना माझा. सत्तावीसला बंदराला लागतंय जहाज. एकच दिवस थांबणार. मला जायला दोन दिवस, यायला दोन दिवस."

"किती दिवसांनी भेटणार?"

"चार वर्षं झाली, साहेब."

कार्डावर शिल्लक होती साडेतीन दिवस. बाकीची बायकोच्या आजारपणात गेली होती.

"एक तारखेला दीड दिवस चढतीलच," बॉयलरवाला म्हणाला. "ते आधी मिळाले तर?"

"आगाऊ रजा देत नाहीत. बिनपगारी फक्त आजारपणात, तीही डॉक्टरचा दाखला असला तर."

"दाखला आणतात लोक."

"आणतात."

"पण मी धडधाकट आहे," असं म्हणून तो स्वतःच हसला.

"मग आडातच नाही..." साहेबांनी सुरुवात केली आणि त्यांची नजर कार्डाच्या वरच्या कोपऱ्यावर गेली. रुजू: तारीख सोळा. अक्षर त्यांचंच. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं, पण आवाज खाली गेला होता. बॉयलरवाल्याने मान हलवली आणि तो गेला.

नियम असा होता, की पंधरा तारखेपर्यंत जो रुजू होईल त्याला त्या महिन्याचे दीड दिवस मिळतात. सोळाला आला तर मिळत नाहीत. आणि हा माणूस सोळाला आलेला नव्हता. साहेबांचा तो नोकरीतला पहिलाच आठवडा. पंधराच्या सकाळी हा बाहेरच्या बाकावर येऊन बसला होता. कोरी कार्डं संपली होती. "तुम्ही कामाला लागा, कार्ड उद्या करू," असं यांनीच त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कार्ड भरताना यांनी त्या दिवशीची तारीख घातली, कारण जुन्या हेडक्लार्कने पहिला धडा दिला होता तो हा, की प्राण गेला तरी कागदावर मागची तारीख घालायची नाही.

यातून सुटायची वाट त्यांनी आधी शोधली, हे लपवण्यात अर्थ नाही. बॉयलरवाल्याची शिल्लक मध्ये कधी साठाला टेकली असती, तर ते दीड दिवस तेव्हाच वाहून गेले असते आणि हेही मोकळे झाले असते. तेहेतीस वर्षांची कार्डं त्यांनी काढली. शिल्लक एकेचाळीसच्या वर कधी गेली नव्हती. मग ते गोदामात उतरले आणि फाटकावरची जुनी वही शोधून काढली, नोंद सापडू नये अशी आशा धरून. पंधरा तारीख, सातवी ओळ, सही ठळक. त्यांनी वही मिटून होती तिथे ठेवली आणि वर आले. यात दोन दिवस गेले.

घरी बायको म्हणाली, "अहो, भाजीत मीठ नाही आणि तुम्ही निमूट जेवताय. काय झालंय?"

"चार महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या माणसाने तेहेतीस वर्षांपूर्वीची वही उघडावी का?"

"उघडलीत?"

"हो."

"मग आता मला कशाला विचारता?" असं म्हणून तिने मिठाची बरणी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी वही आणि कबुलीचा अर्ज घेऊन ते मॅनेजरकडे गेले. मॅनेजर वयाने लहान, पण मनाने मोकळा. "अहो, कार्डं संपली होती असं लिहा ना. छापखान्यावर ढकला. जाताजाता डाग कशाला लावून घेताय?"

साहेबांना मोह झाला. चांगला मिनिटभर झाला.

"मागच्या साली गोदामवाल्याचा एक आकडा चुकला," ते शेवटी म्हणाले. "त्यालाही कारण होतं. ताकीद मीच लिहिली."

मॅनेजरने सही केली. साहेब टेबलाशी आले, स्वतःचं सेवापुस्तक उघडलं आणि तांबड्या शाईने लिहिलं: 'रुजू तारीख चुकीची नोंदवली. ताकीद.' खाली तारीख घातली ती आजचीच. मग बॉयलरवाल्याच्या कार्डावर दीड दिवस चढवले, पाच उतरवले, शिल्लक शून्य केली आणि त्याला बोलावून घेतलं. तारीख चोवीस होती.

"मंजूर आहे. तुम्ही सोळाला नाही, पंधराला आला होतात."

"हो की. बाकावर बसलो होतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कार्ड हातात आलं तेव्हाच दिसलं होतं."

"मग तेहेतीस वर्षं बोलला का नाहीत?"

बॉयलरवाल्याने मंजुरीची चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली.

"तुमचा पहिलाच आठवडा होता, साहेब. म्हटलं, दीड दिवसापायी नव्या माणसाची नोकरी जायची."

"आणि परवा? परवा तरी बोलायचं. पोरगा भेटायचा राहिला असता."

"तेव्हाच सोडून दिलं होतं ते," बॉयलरवाला म्हणाला. "सोडलेलं परत कसं मागायचं?"

तो गाडी गाठायला निघून गेला. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बोलायला समोर कोणी नव्हतं, तरी बराच वेळ ते तो पुसत राहिले.