मॉर्निंग शोमधला समुद्रराक्षस

आमच्या घरात 'मॉर्निंग शो' हे शब्द आवाज खाली करूनच उच्चारले जायचे. साताऱ्यात तेव्हा थिएटरवाले दुपारपासून हिंदी-मराठी पिक्चर लावायचे आणि सकाळी इंग्रजी. त्या इंग्रजी पिक्चरला कोण जातं आणि काय बघायला जातं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाळेच्या वाटेवर त्याचं पोस्टर लागायचं. त्यावर जागोजागी काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत, आणि आम्ही मुली तिथून जाताना आपापल्या चपलांकडे बघत चालायचो.

मी सातवीत होते, तेव्हा मामा फौजेतून सुटीवर आला. आईचा हा धाकटा भाऊ. आईचं माहेर कडेगावकडचं. चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये घर. मामा दरवेळी आधी गावी जायचा आणि मग आठवडाभर आमच्याकडे साताऱ्याला यायचा. बाबा शिरवळच्या कारखान्यात होते. तिथेच खोली घेऊन राहायचे आणि सुटी गुरुवारची म्हणून बुधवारी संध्याकाळी घरी यायचे. त्यामुळे मामा आला की माझी आणि माझ्या धाकट्या भावाची चंगळ असायची.

त्या दिवशी मामा बाहेरून आला तोच ओरडत.

"आक्का, राक्षसाचा पिक्चर लागलाय! समुद्रातला राक्षस आन् त्याला मारणारे शिकारी. कार्टून हाय. पोरांस्नी दाखवू."

आई चपात्या लाटत होती. "कुठल्या थेटरात?"

मामानं सांगितलं.

"कितीचा खेळ?"

"सकाळचा."

आईचं लाटणं थांबलं. माझ्याकडे एकदा बघून ती हळू आवाजात म्हणाली, "तू फौजेत जाऊन बिघडलास काय रं? पोरीला घिऊन तिथं जायचं?"

"आगं, कार्टून हाय म्हणतोय न्हवं! आमच्या युनिटमदी दाखवत्यात तसलं. शप्पत."

आईचा विश्वास बसला नाही. माहेरच्या माणसाशी बोलताना तिची भाषा माहेरची व्हायची, पण संशय पक्का साताऱ्याचा होता. संध्याकाळी भाजीला जायचं म्हणून तिनं मला बरोबर घेतलं आणि मंडई सोडून सरळ थिएटरपाशी नेलं. पदर नाकापर्यंत ओढून ती पोस्टरसमोर उभी राहिली. मी आयुष्यात पहिल्यांदा ते पोस्टर मान वर करून बघितलं.

खरंच राक्षस होता. हिरवा, शिंगांचा, अजिंक्यताऱ्याएवढा. त्याच्यासमोर एक जहाज आणि जहाजावर भाले घेतलेली माणसं. पण जहाजाच्या पुढच्या टोकाला एक लाकडी बाई कोरलेली होती, आणि थिएटरवाल्यानं नेमकी तिच्या छातीवर काळी पट्टी चिकटवली होती. इंग्रजी नावाखाली स्वतःच्या मनानं एक हिंदी नावही रंगवून घेतलं होतं. त्यात 'रात' आणि 'समुंदर' असे दोन्ही शब्द होते.

"जहाजाला बाई कशाला?" आई स्वतःशीच पुटपुटली. मग तिकिटाच्या खिडकीशी गेली. आत एक माणूस पान चघळत बसला होता.

"हा सकाळचा पिक्चर कसला आहे?"

"इंग्लिश."

"ते कळलं. आत काय आहे?"

त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ताई, तो तुमच्यासाठी न्हाई. तुमी बाराचा बघा."

"पण कार्टून आहे का?"

"आता रिळांची पेटी आलीय. आमीच कुठं बघितलाय आजून? तुमी बाराचा बघा म्हनलं ना."

परत येताना आई मंडईवरून तशीच पुढे गेली. भाजीही घेतली नाही. घरी आल्यावर मामाला म्हणाली, "रविवारी जायचं. मी पण येणार." तो पिक्चर चांगला आहे असं तिला वाटलं होतं म्हणून नव्हे, हे मला तेव्हाही कळलं होतं. 'तुमच्यासाठी नाही' हे तिला लागलं होतं.

रविवारी आईनं ठेवणीतली साडी नेसली, लग्नाला जावं तशी. डोअरकीपरनं तिकिटं हातात घेतली आणि फाडलीच नाहीत. "ह्या बाई बरोबर हायेत?" त्यानं मामाला विचारलं.

"बहीण हाय माजी," मामा म्हणाला. फौजी आवाजात म्हणाला, म्हणून त्यानं तिकिटं फाडली.

आत सगळे पुरुष. एकमेकांपासून दोन-दोन खुर्च्या सोडून बसलेले, कुणी तोंडाला टॉवेल गुंडाळून, कुणी टोपी ओढून. आम्ही आत शिरलो तशा माना वळल्या आणि लगेच खाली गेल्या. आईनं आम्हाला मागच्या कोपऱ्यात नेलं. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला ती आणि मध्ये आम्ही दोघं.

"मी सांगितलं की डोळे मिटायचे," ती म्हणाली. "का ते विचारायचं नाही. असल्या ठिकाणी मधेच दुसरं काहीतरी जोडतात."

पिक्चर सुरू झाला. निळा समुद्र, रंगवलेल्या लाटा, मोठ्या डोळ्यांची एक मुलगी. पुढून एक आवाज आला, "आरं, ही तर चितरं हायेत."

"थांब की गड्या," दुसरा म्हणाला, "फुडं आसंल काय तरी."

मधेच काहीतरी दाखवतील, अशी त्यांना आशा होती आणि आईला धास्ती. त्यामुळे पडदा मात्र सगळेच सारख्या बारकाईनं बघत होते.

इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. माझा भाऊ सारखा विचारायचा, म्हणून मामा सांगायला लागला. गोष्ट अशी दिसत होती: एका बेटावर शिकाऱ्यांचं गाव असतं. ते समुद्रराक्षस मारून त्यांची चरबी विकतात. एक राक्षस मात्र सापडत नाही. तो रात्री येतो आणि जहाजांवरच्या घंटा तोडून समुद्राच्या तळाशी नेतो. त्या मुलीचा बाप शिकाऱ्यांचा म्होरक्या.

"त्यो म्हणतोय," मामा म्हणाला, "घंटा दिली न्हाई तर समद्यांची जहाजं उलथी करीन."

"राक्षस बोलतोय?" मी विचारलं. पडद्यावर तर एक म्हातारा खलाशी बोलत होता.

"राक्षसाच्या वतीनं बोलतोय," मामा म्हणाला. मला तेव्हाच शंका आली. मामाला फौजेतली हुकुमाची इंग्रजी येत होती, पण तो म्हातारा काही हुकूम देत नव्हता. तरी पुढच्या रांगांतली माणसं मागं वळून विचारायला लागली, "काय म्हनला ओ?" मामाचा आवाज चढत गेला. शिकारी काय म्हणतात, मुलगी काय म्हणते, सगळं तो धडाधड सांगू लागला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या मुलीच्या लग्नाची बोलणीसुद्धा चालली होती.

इंटरवलनंतर थोड्याच वेळात पिक्चर तुटला. पडदा पांढरा झाला, मग काळा. अंधारात शिट्ट्या सुरू झाल्या. "टाक की आता!" कुणीतरी ओरडलं. "कवापास्नं बसलोय!" सगळे हसले. आईचे दोन्ही तळवे आमच्या डोळ्यांवर येऊन आदळले. तिच्या बांगड्या माझ्या कपाळाला रुतल्या. "मिटा," ती म्हणाली, "मिटा आधी." कुणीतरी आमच्याच दिशेला बघून काहीतरी घाणेरडं बोललं. मामा उभा राहिल्याचं मला त्याच्या खुर्चीच्या आवाजावरून कळलं. आता मारामारी होणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात पिक्चर परत सुरू झाला. आईनं आधी स्वतः बघितलं आणि मग बोटं थोडी फाकवली. समुद्रच होता. पण मधला एक तुकडाच गेला होता. राक्षस आता थेट बंदरात होता, जखमी, आणि म्हातारा खलाशी शिकाऱ्यांना हात जोडून काहीतरी सांगत होता.

"त्यो म्हणतोय," मामा उभ्या उभ्याच दरडावून म्हणाला, "ह्याला आता भाल्यानं..."

"चूक!"

आवाज डावीकडच्या भिंतीकडून आला होता. "साफ चूक! 'शी' म्हणतोय तो, 'शी'! ती मादी आहे. तिला घंटा नकोय. घंटेचा आवाज तिच्या पिल्लाच्या आवाजासारखा आहे, म्हणून ती घंटा नेते. तिचं पिल्लू तुम्ही मारलंत, असं सांगतोय तो त्यांना. काहीही काय सांगता लोकांना?"

थिएटर गप्प झालं. पडद्याच्या उजेडात एक बारीक माणूस उभा दिसत होता, कानटोपी घातलेला, तोंडाला रुमाल बांधलेला. रुमाल बोलताना खाली घसरला होता. पण मला चेहरा बघायची गरजच नव्हती. 'साफ चूक' हे शब्द मी रोज तिसऱ्या तासाला ऐकत होते. ते आमचे इंग्रजीचे सर होते.

"पिल्लू मारलं व्हय?" पुढचा एक शेतकरी गडी म्हणाला. "मग ती गप बसंल व्हय?"

"सांगा ओ फुडं," दुसरा म्हणाला.

आता खाली बसावं की पळून जावं, हे सरांना कळेना. पण लोक विचारत राहिले आणि ते उभ्यानंच सांगत राहिले, रुमाल परत नाकावर ओढून. शिट्ट्या थांबल्या त्या थांबल्याच. शेवटी ती मुलगी गावातली सगळ्यात मोठी घंटा होडीत घालून समुद्रात नेते आणि राक्षसीण तिच्या मागोमाग खोल पाण्यात निघून जाते. कुणीतरी नाक ओढलं. आईचे हात केव्हाच आमच्या डोळ्यांवरून निघाले होते.

दिवे लागले तेव्हा भिंतीकडची खुर्ची रिकामी होती.

"कोण गं त्यो शाणा?" मामानं विचारलं.

"मला काय माहीत?" आई म्हणाली आणि माझं मनगट दाबलं. माझ्याच सरांचा आवाज तिनंही ओळखला होता. पालकसभेत ऐकला होता.

सोमवारी वर्गात सर आले ते थेट माझ्या बाकाकडे बघत. मी पुस्तकात डोकं घातलं. तासभर त्यांनी मला काही विचारलं नाही, पण मी मैत्रिणीच्या कानाशी लागले की त्यांचा खडू फळ्यावर थांबायचा. मधल्या सुटीत त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"काल कुठे गेली होतीस?"

"कुठं नाही, सर. घरीच."

मी खोटं बोलतेय हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. "बरं," म्हणाले आणि गेले.

बुधवारी संध्याकाळी बाबा आले. चप्पल काढतानाच त्यांचा चेहरा वेगळा होता. मामा माझ्या भावाला घेऊन राजवाड्याकडे भेळ खायला गेला होता. बाबांनी चहा बाजूला सरकवला.

"स्टँडवर एक जण भेटला. म्हणाला, वहिनी मॉर्निंग शोला दिसल्या. कुणा माणसाबरोबर."

"कुणा माणसाबरोबर काय? भाऊ होता माझा," आई म्हणाली. "मुलं पण होती. कार्टून होतं."

"मॉर्निंग शोला कार्टून?"

"होतं."

"मॉर्निंग शोला?" बाबांनी पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे वळले. "काय होतं गं पिक्चरमध्ये?"

मी राक्षस, घंटा, शिकारी, सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर आईवर. मला पढवून ठेवलंय असं त्यांना वाटतंय, हे उघड दिसत होतं. आणि आई मनातल्या मनात आपल्याला तिथं बघणाऱ्याचा चेहरा शोधत होती. तिचा संशय सरांवर होता. त्यांनीच स्वतःवरचा आळ झटकायला आधी बोभाटा केला असणार.

नेमकी तेव्हाच कडी वाजली. दारात सर उभे. घामेजलेले, हातात माझी निबंधाची वही.

"इकडून चाललो होतो," ते म्हणाले. आमची गल्ली पुढे बंद होती.

बाबांनी खुर्ची दिली. सर बसले, वही मांडीवर ठेवली आणि पाठ केल्यासारखं बोलू लागले. मुलांनी इंग्रजी चित्रपट पाहावेत, कान तयार होतो, परवा अगदी चांगला बालचित्रपट आला होता, समुद्रराक्षसांचा.

"म्हणजे खरंच कार्टून होतं?" बाबा म्हणाले.

"हो, हो. अगदी कौटुंबिक."

"मग तुम्ही कशाला गेला होतात सर? मुलं होती बरोबर?"

सरांचं लग्नच झालेलं नव्हतं. त्यांनी वहीकडे पाहिलं. त्यांचा एक कान लाल झाला होता, मग दुसराही झाला. मी आईकडे बघितलं. सर कानटोपी आणि रुमाल बांधून बसले होते, एवढंच तिनं म्हटलं असतं तरी बाबांनी उरलेलं ओळखलं असतं.

"मीच बोलावलं होतं सरांना," आई म्हणाली. "हिला इंग्रजी कळत नाही. म्हटलं, जरा समजावून सांगा. बसा सर, चहा टाकते."

बाबा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी आपला गार झालेला कप उचलला. सरांनी चहा एका दमात संपवला आणि निबंधाची वही न देताच निघून गेले.

रात्रीची भांडी घासताना मी आईला विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

"अंधारात ते सगळे ओरडत होते तेव्हा मला वाटलं होतं, आता इथून धड बाहेर पडत नाही," ती म्हणाली. "ते सर बोलायला लागले म्हणून लोक गप झाले. कशाला का आले असेनात तिथं." मग पातेलं उपडं ठेवत म्हणाली, "पण स्टँडवर सांगणारा कोण, ते मला अजून कळायचंय."

ते तिला कधीच कळलं नाही. बाबांनी पुन्हा विषय काढला नाही, पण पुढे बरेच महिने बुधवारी आले की, "रविवारी काय केलंत?" असं सहज म्हणून विचारायचे, आणि आई तितक्याच सहज सगळं सांगायची, दळणापासून देवळापर्यंत. सरांनी त्या वर्षात मला एकदाही उभं केलं नाही. परीक्षेत इंग्रजीत मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. ते माझे स्वतःचे होते की नाही, या शंकेनं मी पेपर मागून घेतला आणि एकेक उत्तर तपासत बसले. सगळी बरोबर होती.