पाहुण्यांसमोर बसायची तयारी

माझी भाची फोनवर विचारत होती, "मौशी, इंटरव्ह्यूची तैयारी किती दिवस करू?" मी शाळेतून निवृत्त झाले त्याआधी बरीच वर्षं उमेदवार निवडायला बसत होते, म्हणून तिला वाटतं मला यातलं कळतं. आठवडा पुरे, मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र स्वतःचंच हसू आलं. माझी तयारी सात-आठ वर्षं चालली होती, आणि ती भलत्याच परीक्षेची होती.

झाशीत आमच्यासारखी मराठी घरं थोडी. मुलीसाठी स्थळ पाहायचं म्हणजे ग्वाल्हेर, सागर, इंदूर, फार तर नागपूर. लोक रेल्वेने यायचे, सीपरी बाज़ारातल्या आमच्या दोन खोल्यांत पोहे खायचे, माझ्या मराठीतले हिंदी शब्द ऐकून एकमेकांकडे बघायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. ते "कळवतो" माझ्या पाचवीलाच पुजलेलं होतं. माझ्याबरोबर शिकलेल्या मुली एकेक करून सासरी गेल्या. संध्याकाळी गप्पा मारायला म्हणून जावं असं एकही घर उरलं नाही.

मग मऊरानीपुरच्या मुलींच्या शाळेत भूगोलाच्या शिक्षिकेची जागा निघाली. मी अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. त्याच सुमाराला सागरहून एका बिजवराचं स्थळ आलं होतं, दोन मुलं असलेलं. बाबा म्हणाले, "बेटा, नोकरी मिळाली तर ठीक. नाहीतर सागरवाल्यांना हो सांगून टाकू." ते चिडून बोलले नाहीत, थकून बोलले. त्यामुळे मला भांडताही आलं नाही.

तयारीला महिनाभर होता. दुपारी गच्चीवर आईचे पापड वाळत असायचे. राखणीला बसायचं काम माझंच, तेव्हा मी त्या पापडांनाच भूगोल शिकवायचे. कर्करेखा कुठून जाते, बेतवा उत्तरेकडे का वाहते, सगळं हिंदीत, मोठ्या आवाजात. शेजारची बाई एकदा कठड्यावरून डोकावून म्हणाली, "किससे बात कर रही हो, बिट्टी?" काय सांगणार? ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, हे खरं.

घरातली तयारी आईकडे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तिने जन्मात एकच मुलाखत पाहिली होती, पाहुण्यांसमोरची. पदर कसा घ्यायचा, मान किती खाली ठेवायची, विचारलं तेवढंच कसं बोलायचं, ते सगळं तिने पुन्हा करून घेतलं.

"अगं, नोकरीचं आहे हे," बाबा म्हणाले.

"मग काय झालं? समोर माणसंच बसणार ना?" आई म्हणाली.

मुलाखतीच्या दिवशी बाबा सोबत आले आणि शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसले. आत टेबलापलीकडे तिघं होते. धान्याचे व्यापारी असलेले, शाळेचा कारभार पाहणारे मॅनेजर, एक निवृत्त अधिकारी आणि प्रिन्सिपल बाई. पहिले दोन प्रश्न मी मान खाली घालूनच सोडवले. मग बाई म्हणाल्या, "समझिए सामने क्लास बैठी है. कर्क रेखा समझाइए."

मला एकदम गच्ची दिसली. मी उठून फळ्यापाशी गेले आणि बोलत सुटले. मान कधी वर आली ते कळलंच नाही. अधिकारी मध्येच काही विचारू लागले, त्यांना मी हाताने थांबवलं आणि वाक्य पुरं केलं. इतकं सलग मी आयुष्यात कोणासमोर बोलले नव्हते, आणि तिघंही ऐकत होते.

बोलून जागेवर बसते तोच चपराशाने चहाचा ट्रे आणला, टेबलाच्या कडेला ठेवला आणि तो बशा आणायला वळला. मी उठले. ठरवून नाही, ट्रे दिसला की मी उठतेच. वयाने मोठे कोण ते बघून पहिला कप मॅनेजरसाहेबांपुढे धरला. त्यांनी तो घेतलाही. दुसरा कप हातात असताना बाई म्हणाल्या, "बैठिए. चाय वो दे देगा. आप यहाँ उम्मीदवार हैं."

मी बसले. कोणी हसलं नाही. कान मात्र असे तापले की पुढचं काहीच धड ऐकू आलं नाही. शेवटी मॅनेजर म्हणाले, "ठीक है, सूचना भेज देंगे."

बाहेर बाबा बाकावरून उठले. "काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

परतीच्या गाडीत आम्ही दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत राहिलो. मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता. महिनाभर पाठ केलेलं सगळं आठवलं होतं, आणि नडलं ते कधीच पाठ न केलेलं.

पण होकार आला. माझ्या आयुष्यातला पहिला होकार मऊरानीपुरहून आला. बाबांनी सागरला नकार कळवला आणि बड़ा बाज़ारातून पेढे आणले. ते वाटायचे काय सांगून, ते मात्र कोणाला सुचेना. त्या संध्याकाळी आईने पलंगाखालची ट्रंक ओढली. माझ्या लग्नासाठी जमवलेली भांडी तीत होती, दर दिवाळीला ती पुसून परत ठेवायची. त्यातलं मोठं पातेलं काढून तिने माझ्या सामानात बांधलं.

"एकटीला एवढं मोठं कशाला?" मी म्हटलं.

"आता इथे ठेवून काय करू?" ती म्हणाली, आणि गाठ मारायला लागली. आता मला पाहायला कोणी येणार नाही, हे मला तेव्हा कळलं. सुटल्यासारखं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

मऊरानीपुरच्या खोलीवर पहिल्या संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवला. पातेल्याच्या तळाशी मूठभर डाळ-तांदूळ काही दिसेचनात, म्हणून आणखी घातले, मग आणखी. आमच्या घरच्या सगळ्यांना पुरेल एवढी खिचडी झाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावरही मी तीच खाल्ली.