सुट्टीच्या दिवशी चालणारं यंत्र

आमच्या घरात भांडण तोंडाने होत नाही, पत्रकाने होतं. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत आयुष्यभर पत्रकं लिहीत आले, आणि आईने घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता त्यांची मुद्रितं तपासली. त्यामुळे कुणाला काही खुपलं की तो कागद घेऊन बसतो आणि लिहिलेलं स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवतो. 'टॉवेल ओला टाकणाऱ्या प्रवृत्तीचा निषेध' हे पत्रक मी तिसरीत असताना वाचलं. प्रवृत्ती माझीच होती. उत्तरादाखल मी 'दोरी उंच बांधणाऱ्यांची मनमानी' असं पत्रक काढलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जोर आहे. पण शेवटी मागणी नाही. मागणीशिवाय पत्रक म्हणजे नुसती कुरकुर." मी खाली लिहिलं, 'दोरी एक हात खाली आणावी.' दुसऱ्या दिवशी दोरी खाली आली. तेव्हापासून माझा लिहिलेल्या शब्दावर विश्वास आहे.

असल्या घरात वाढलेल्या मुलीने सर्व्हर, म्हणजे कंपन्यांत असतो तसला मोठा कॉम्प्युटर, घरी का आणला, हे लोकांना कळत नाही. मला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. आपले फोटो, आपली पत्रं, वडिलांची इतक्या वर्षांची पत्रकं कुठल्यातरी परक्या कंपनीच्या यंत्रावर ठेवायची आणि ती म्हणेल त्या अटी डोळे मिटून मान्य करायच्या, याला मी गुलामी म्हणते. आपली माहिती आपल्या घरात, आपल्या यंत्रावर. हा माझा सिद्धांत होता. फक्त त्या सिद्धांताला एवढं मोठं यंत्र लागत नव्हतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

कारण तोपर्यंत मी फोनवरच्या होम लॅबवाल्यांच्या गटात शिरले होते. कंपन्यांनी मोडीत काढलेले सर्व्हर विकत घेऊन घरात चालवणारी ही मंडळी. जनावरांच्या बाजारात बैलाचा खांदा, खूर, दात बघावेत तसे हे एकमेकांच्या यंत्राचे फोटो बघतात. प्रोसेसर किती, रॅम किती, पंखे किती, बंद न पडता किती दिवस चालू. नाशिकच्या एकाने सर्व्हरसाठी पलंग विकला होता आणि गटाने त्याचं अभिनंदन केलं होतं. त्या गटात फक्त एक प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे. त्या यंत्रावर तू चालवतोस काय, हा. तो असभ्यपणा समजला जाई.

माझा सर्व्हर पुण्याहून सोलापूरला आला. मंद्रूपची द्राक्षं घेऊन गेलेला टेम्पो रिकामा परत येत होता, त्यात तो टाकून मिळाला. ड्रायव्हरने आमच्या दारात उतरवताना कमरेवर हात ठेवला.

"ताई, काय हाय ह्यात? लई जड हाय की."

"कॉम्प्युटर आहे."

"एवढा?" त्याने खोक्याभोवती एक फेरी मारली. "आमच्या ग्रामपंचायतीचा तर टेबलावर बसतोय."

समोरच्या खोलीत मी तो मांडला. लांबीला आमच्या पाटाच्या दीडपट, उंचीला दोन विटांएवढा, आणि पुढून लहान लहान दिव्यांनी लुकलुकणारा. बटण दाबलं तेव्हा आतले सगळे पंखे एकदम असे सुटले की कॅलेंडरची पानं उडाली. आई दारात येऊन उभी राहिली.

"हे विमान कधी थांबणार?"

"थांबायचं नसतं, आई. ते चोवीस तास चालतं."

"कोण चालवणार?"

"कुणी नाही. आपोआप."

आईने यंत्राकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "माझ्यासारखंच की मग," म्हणाली आणि गेली.

गल्लीत मात्र कुणाला पत्ता लागला नाही. आमच्या भिंतीला भिंत लावून शेजारच्या अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. पत्र्याच्या शेडमध्ये माग खडखडत असतात, पलीकडच्या बोळात आणखी कारखाने, आणि आम्ही सगळे जन्मापासून एकमेकांशी वरच्या पट्टीत बोलतो. त्या आवाजात माझा सर्व्हर मुंगीच्या श्वासासारखा विरून गेला. सुट्टीला माग थांबत, तेव्हाही थंडीमुळे त्याचे पंखे मंदच फिरत. वीज गेली तर बॅटरीवर चालायचा. बघता बघता पाच महिने झाले. सहा महिने न थांबता चालवणारा आमच्या गटात एकच होता, आणि तो हुबळीचा होता. मला सोलापूरचं नाव राखायचं होतं.

आता त्या यंत्रावर चालत काय होतं, ते सांगते. वडिलांची पत्रकं स्कॅन करून मी त्यावर ठेवली होती. ती एका कोपऱ्यात मावली, एका साध्या पेनड्राइव्हमध्येही मावली असती. उरलेली सगळी ताकद सर्व्हर स्वतःवर नजर ठेवण्यात घालवत होता. माझं तापमान किती, माझे पंखे किती वेगाने फिरताहेत, माझी तब्येत कशी आहे, याचे सुंदर रंगीत आलेख काढून तो मला फोनवर पाठवायचा, आणि मी ते ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत कौतुकाने बघायचे.

सगळं बिघडलं ते उन्हाळ्यात. उकाडा वाढला तसे पंखे दुप्पट वेगाने फिरू लागले. आणि आठवड्याच्या सुट्टीला माग बंद झाले.

सुट्टीच्या दिवशी आमची गल्ली कशी असते, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. कानातून बोळा काढल्यासारखं होतं. चिमण्या ऐकू येतात, कुणाच्या घरी फोडणी पडली ते ऐकू येतं. ही सुट्टी फुकट मिळालेली नाही. मी लहान असताना काही मालक सुट्टीच्या दिवशी दार लावून आत माग चालवायचे. वडील आणि त्यांचे सोबती गल्लोगल्ली भिंतींना कान लावत फिरायचे आणि जिथे खडखड ऐकू येईल त्या दारावर पत्रक लावायचे. अण्णांच्या दारावर तर दोनदा लावलं होतं. त्यानंतर दोघांची मैत्री झाली, पण अण्णा ते विसरलेले नाहीत.

त्या दिवशी गल्ली शांत झाली आणि आमच्या घरातून घुंऽऽ असा आवाज येऊ लागला.

पुढच्या आठवड्यात विजेच्या खांबावर पत्रक लागलं. 'सुट्टीच्या दिवशी बंद दाराआड यंत्र चालवणाऱ्या घराचा जाहीर निषेध. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारे आता गप्प का?' खाली नाव नव्हतं.

वडील खांबासमोर उभे राहून वाचत होते. मला वाटलं चिडतील.

"मजकूर बांधीव आहे," ते म्हणाले. "शेवटी मागणी नाही, एवढीच उणीव." मग चष्मा काढून पुसत राहिले. बराच वेळ पुसला.

कारण येत्या सुट्टीच्या दिवशी चौकात कामगारांची सभा होती. पुन्हा काही कारखाने सुट्टीला चालू लागल्याच्या तक्रारी येत होत्या, त्याविरुद्ध. अध्यक्ष वडील होते. संघटनेतला एक जुना सोबती संध्याकाळी येऊन चहा घेता घेता म्हणालाच, "कॉम्रेड, लोक बोलायला लागलेत. ह्या वेळी अध्यक्षपद दुसऱ्या कुणाला द्यावं का?" वडील म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

माझं रक्त उसळलं. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. 'गैरसमज पसरवणाऱ्यांना जाहीर उत्तर' असा मथळा. त्यात माहितीवरच्या मालकीपासून परक्या कंपन्यांच्या नफेखोरीपर्यंत सगळं घेतलं आणि शेवटी ठणकावून लिहिलं, 'होय, आमच्या घरात यंत्र चालतं. ते अहोरात्र चालतं. ते कधीही थांबणार नाही.' मागणीही केली: गल्लीने माफी मागावी. प्रती काढून सकाळी वाटल्या.

दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना पत्रकातलं एकच वाक्य पाठ झालं होतं. अहोरात्र चालतं. वाणी मला साखर देताना म्हणाला, "रात्रपाळीला किती माणसं ठेवलीत वो?"

सभेच्या दिवशी सकाळीच अण्णा आले. सोबत त्यांच्याकडचेच दोन कामगार, साक्षीला. अण्णा घरात तेलुगू बोलतात आणि गल्लीत आमच्यासारखं सोलापुरी. ते पायताण काढून आत आले आणि आजोबांनी नातवाचा अभ्यास तपासावा तसा चेहरा करून म्हणाले, "काय वो कॉम्रेड. तुमच्या घरचं बघायची पाळी आली आमच्यावर."

"या. बघा," वडील म्हणाले.

अण्णांनी सर्व्हरला कान लावला. डोळे मिटले. "आवाज साफ हाय. बेअरिंग चांगलं हाय." मग मागून येणारी गरम हवा हातावर घेतली. "कापड कुठनं निघतं?"

"निघत नाही, अण्णा. हा सर्व्हर आहे."

"मग काय निघतं?"

मी फोन काढून आलेख दाखवले. लाल रेघ, हिरवी रेघ. अण्णांनी फोन लांब धरून पाहिला, साक्षीदारांना दाखवला.

"हे कशाचं?"

"त्याच्या तापमानाचं."

"कुणाच्या?"

"ह्याच्याच. यंत्राच्या."

"म्हंजे हे चालतं म्हणून तापतं, आणि तापतं म्हणून मोजतं."

"आणि मोजायला चालतं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "दिवसातनं दहा वेळा हिला कळवतं, मी बरा आहे म्हणून. हिला परगावी गेल्यावर आम्हाला एक फोन करायला होत नाही."

साक्षीदारांपैकी एकजण हसला आणि लगेच गंभीर झाला. गटात जो प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही, तो माझ्या घरात येऊन तिघांनी मिळून विचारला होता.

पण मी हार मानणाऱ्यांतली नाही. मी म्हणाले, "अण्णा, मुद्दा नीट समजून घ्या. सुट्टी माणसाला असते, यंत्राला नाही. इथे कुणी कामगार राबत नाही. यंत्र माझं, घर माझं, मी माझं चालवते. ह्यात कुणाचा हक्क मारला जातोय?"

अण्णा माझ्याकडे नव्हे, वडिलांकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीखाली हळूहळू हसू पसरत होतं.

"कॉम्रेड," ते म्हणाले, "हे बोलणं कुठं ऐकल्यासारखं वाटतंय का तुमाला?"

वडिलांनी खुंटीवरचा शर्ट काढून हातात घेतला.

"मीच बोललो हुतो. दारात उभं राहून, ह्यांनी पत्रक लावलं तवा. माग माझा, शेड माझी, कामगार घरी हायत, मी आन् माझा भाऊ चालवतोय, कुणाचं काय जातं? शब्दाला शब्द." ते माझ्याकडे वळले. "अम्मा, तुझ्या बापानं मला काय उत्तर दिलं ठाऊक हाय?"

मला ठाऊक होतं. ते पत्रक मीच स्कॅन केलं होतं. एक माग चालू राहिला की शेजारच्याला आपला चालू करावासा वाटतो, आणि मग सुट्टी कुणाचीच उरत नाही. ते वाक्य त्या क्षणी माझ्याच सर्व्हरवर, माझ्याच खोलीत, अत्यंत सुरक्षित होतं.

वडील बंद कर म्हणाले असते तर मी भांडले असते. पत्रक काढलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. ते नुसते आपला सभेचा पांढरा शर्ट झटकत उभे होते, घालावा की नाही ते न ठरल्यासारखे.

मी खाली बसले आणि सर्व्हर बंद करायला घेतला. मोठा सर्व्हर दिव्यासारखा बंद होत नाही. तो एकेक काम आवरतो, सवड घेतो. हुबळीवाल्याचा विक्रम माझ्या डोळ्यांसमोर होता, दोनच आठवड्यांवर. पंखे हळू झाले, आणखी हळू झाले, आणि थांबले. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली ती स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आली.

"शर्टाला इस्त्री करून देऊ का?" मी विचारलं.

"आहे केलेली," वडील म्हणाले आणि घातला.

सभेत ते बोलायला उभे राहिले आणि मागून कुणीतरी ओरडलंच, "आधी घरचं बंद करा." वडील म्हणाले, "बंद आहे. विश्वास नसेल तर जा, हात लावून बघा."

सोलापूरकरांना असं म्हणायचं नसतं. ते खरंच जाऊन बघतात. सभा संपल्यावर आमच्या दारात रांग लागली. माणसं एकेक करून आत आली, सर्व्हरवर हात ठेवून गेली. कुणी म्हणालं "अजून कोमट हाय", तर पुढच्याने समजूत घातली, "उन्हाळा हाय, ते बी कोमट लागणारच." आई सगळ्यांना पाणी देत होती. मी दाराशी उभी राहून रांग सरळ ठेवत होते.

तेव्हापासून माझ्या सर्व्हरला आठवड्याची सुट्टी आहे. गटात मी हे जाहीर केलं तेव्हा नाशिकच्या त्याने लिहिलं, 'बंदच ठेवायचा तर घेतलास कशाला, कपाट घ्यायचं होतंस.' मी त्याला संघटित कामगारांच्या लढ्यावर तीन परिच्छेद पाठवले. त्याने उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. हुबळीवाला पुढे गेला.

अण्णा दर सुट्टीला तपासायला येतात. त्यांनी हे काम स्वतःकडे घेतलं आहे आणि कुणालाही देत नाहीत. सर्व्हरवर तळहात ठेवतात, "गार हाय," म्हणतात, आणि चहासाठी बसतात. मागच्या सुट्टीला ते आले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावर एक नवं पत्रक होतं. आईच्या अक्षरात, सकाळपासून. 'सर्व्हरला मिळालेल्या सुट्टीचे स्वागत. या घरात आता एकच यंत्र सातही दिवस चालू आहे. त्यालाही तीच सुट्टी लागू करावी.' वडिलांनी आणि मी ते आळीपाळीने वाचलं होतं. उणीव सापडली नव्हती.

अण्णा चहाची वाट बघत बसले. चहा आला नाही. शेवटी उठून ते स्वयंपाकघरात डोकावले. आई पाटावर पाय पसरून पेपर वाचत होती. अण्णांनी शेगडीकडे बघितलं.

"हे बी बंद?"

"हात लावून बघा," आई म्हणाली आणि पान उलटलं.